पांढऱ्या फळ्यावरची ओळ

एका गावात एक पांढरा फळा होता. गावाचे नाव अर्पेना, रोमपासून दोन दिवसांच्या वाटेवर. फळा चौकात टांगलेला असे, न्यायाधीशाच्या आसनाशेजारी. गाव दरवर्षी नवा न्यायाधीश निवडी. नवा न्यायाधीश पहिल्या दिवशी फळ्याला चुना फासी, आणि आपण कोणाच्या तक्रारी ऐकू, न्याय कसा देऊ, ते त्यावर काळ्या अक्षरांत लिहून काढी. बहुतेक जण गेल्या वर्षीचेच पुन्हा उतरवत. कशाला डोक्याला ताप?

एका वर्षी पाऊस झाला नाही. ओढा आटून करंगळीएवढा झाला. पाण्यावरून भांडणे होणार हे सगळ्यांना दिसत होते, म्हणून त्या वर्षी न्यायाधीश व्हायला कोणी तयार होईना. शेवटी लोकांनी नुमेरियसला आसनावर बसवले.

नुमेरियस याच गावचा, पण नऊ वर्षे समुद्रापलीकडे अथेन्सला शिकून आलेला. तिथे रंगवलेल्या एका ओसरीवर त्याचे म्हातारे गुरुजी रोज सकाळी बसत. ते विचारत, "तहानेने सुकलेले ओठ बघून माणूस कुठल्या गावचा ते सांगता येईल का?" शिष्य नाही म्हणत. मग गुरुजी म्हणत, "तर मग गावोगावच्या कायद्यांच्या आधीचा एक कायदा आहे. तो निसर्गाने लिहिला आहे, आणि माणसाला विवेक आहे म्हणून तो वाचता येतो." हे ऐकताना नुमेरियसच्या अंगावर काटा येई. हेच घेऊन मी घरी जाईन, असे त्याने ठरवले होते.

तो परतला तेव्हा आईवडील दोघेही गेलेले होते. बरोबरीचे मित्र संसाराला लागले होते. त्याच्या अंगावरची परदेशी शाल बघून लोक हसत आणि त्याला 'अथेन्सकर' म्हणत. तो बोलायला लागला की कोणाला तरी घरी काम आठवे. संध्याकाळी तो एकटाच जेवी आणि भिंतीशी ग्रीक भाषेत वाद घाली. भिंत कधी उठून जात नसे.

पहिल्या दिवशी त्याने फळा पुसला आणि मोठ्या अक्षरांत एकच वाक्य लिहिले: 'सारी माणसे एकाच विश्वनगरीची रहिवासी आहेत.'

लोक जमले. वाचून झाले. एका भाजीवालीने विचारले, "ते झालं हो. पण ओढ्याचं काय?"

नुमेरियसला तो प्रश्न लहान वाटला. त्याने तेच वाक्य पुन्हा मोठ्याने वाचून दाखवले.

गावाच्या तटाबाहेर कुंभारांची बारा घरे होती. दोन पिढ्यांपूर्वी सिरिया देशातून आलेली माणसे. गाव त्यांच्या घागरी वापरी, पण त्यांना नागरिक मानत नसे. ओढा आधी ओप्पियस नावाच्या बड्या शेतकऱ्याच्या जैतुनांच्या बागेतून जाई आणि मग कुंभारांकडे येई. त्या उन्हाळ्यात ओप्पियसने दगडांचा बांध घालून सगळे पाणी बागेत वळवले. चाके थांबली. माती मळायला पाणी नाही आणि प्यायलाही नाही.

बाजाराच्या दिवशी सकाळी तम्मा नावाची कुंभारीण रिकामी घागर घेऊन आसनापुढे उभी राहिली. मागे तिच्या वस्तीतली माणसे होती.

"महाराज, पाणी सोडायला सांगा," ती म्हणाली. "बारा घरं आहेत. पाणी नसेल तर वस्ती उठवावी लागेल."

कायसो हा न्यायालयाचा जुना कारकून. चाळीस वर्षे त्याने फिर्यादी लिहिल्या होत्या. तो हलकेच म्हणाला, "महाराज, आपल्या जुन्या कायद्यात नागरिकानेच नागरिकावर फिर्याद करायची. ही परकी आहे. पण फळा तुमचा आहे. परक्याचीही ऐकेन, एवढं एका ओळीत लिहा आणि निकाल द्या. मात्र दिवस मावळायच्या आत."

कारण अर्पेनात एक रीत होती. सूर्य डोंगराआड गेला की दवंडीवाला फरशीवर काठी आपटून ओरडे, 'दिवस संपला!' तोवर निकाल झाला नाही तर फिर्याद पडली. ती पुन्हा उभी करायची तर पुढच्या बाजारापर्यंत थांबायचे. बाजार नवव्या दिवशी.

"दिवस मोठा आहे, कायसो," नुमेरियस म्हणाला. "आधी पाया घालू."

तो उभा राहिला आणि निसर्गाच्या कायद्याविषयी बोलू लागला. दोन वाक्ये झाली असतील नसतील, तोच सोबत्यांना घेऊन समोर बसलेल्या ओप्पियसने हात जोडले. "अहो अथेन्सकर, आम्ही पडलो अडाणी. निसर्ग म्हणजे नेमकं काय, ते जरा उलगडून सांगाल का?"

नुमेरियस थबकला. घरी आल्यापासून त्याला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. एकानेही नाही. त्याने उलगडून सांगितले. मग ओप्पियसने विवेकाविषयी विचारले. मग गुरुजींविषयी, गुरुजींच्या गुरुजींविषयी. त्याचे सोबती तोंडावर हात धरून हसत होते. नुमेरियसला फक्त एवढेच दिसत होते, की कोणीतरी ऐकते आहे.

कायसोने दोनदा त्याची बाही ओढली. तम्माने घागर या कडेवरून त्या कडेवर घेतली.

"दिवस संपला!" काठी आपटली.

ओप्पियस कपडे झटकत उठला. "वा! डोळे उघडले आमचे. पुढच्या बाजारी पुन्हा येऊ." आणि सगळे हसत पांगले.

चौकात तम्मा उरली. "महाराज," ती म्हणाली, "तुमचं बोलणं फार गोड आहे. मला निम्मं कळलं, तेवढंही खरं वाटलं. पण घागर सकाळी होती तशीच आहे." आणि ती निघून गेली.

त्या आठवड्यात नुमेरियस घराबाहेर पडला नाही. सहाव्या दिवशी दुपारी त्याला राहवेना, म्हणून तो वेशीबाहेर गेला. इतकी वर्षे सगळ्या मानवजातीविषयी बोलणारा हा माणूस, पण कुंभारांच्या वस्तीत त्याचे पाऊल प्रथमच पडत होते.

बारांपैकी सात अंगणे मोकळी होती. चुली मोडलेल्या. एका दाराशी तडकलेले रांजण आणि एक विसरलेली चप्पल. माणसे बैलगाड्या जोडून दूर कुठेतरी गेली होती. कुठे, ते कोणालाच ठाऊक नव्हते.

तम्मा सावलीत कोरड्या चाकापाशी बसली होती. त्याला बघून ती उठली नाही.

"उन्हातून आलात," एवढेच म्हणाली आणि कोपऱ्यातल्या मडक्याकडे वळली. त्यात वीतभर पाणी होते. तिसऱ्या गावाहून डोक्यावरून आणलेले. शरमेने नुमेरियसने नुसती ओंजळ पुढे केली. तिने पाणी ओतले. निम्मे त्याच्या बोटांमधून मातीत गेले.

"ओंजळ नको हो!" ती ओरडलीच. "एक थेंब सांडणं परवडत नाही इथं." तिने त्याच्या हातात एक साधा, जाडाभरडा वाडगा दिला. गावातल्या मातीचा. त्यात पुन्हा थोडे ओतले. या वेळी सगळे पाणी त्याच्या पोटात गेले.

नुमेरियस वाडग्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नऊ वर्षं मी ओंजळीत पाणी घेऊन चालत होतो, बाई. गावात पोचलो तेव्हा हात नुसते ओले होते."

"मग वाडगा मागायचा होता," तम्मा म्हणाली. "गावात कमी आहेत का?"

तो तसाच कायसोच्या घरी गेला. म्हातारा अंगणात शेंगा सोलत होता. नुमेरियस त्याच्यासमोर जमिनीवर बसला. "कायसोकाका, मला काय म्हणायचं आहे ते मला कळतं. ते अर्पेनात कसं म्हणायचं ते तुम्ही शिकवा."

कायसोचे हात थांबले. चाळीस वर्षांत बारा-पंधरा शब्दांची फिर्याद लिहून द्या, यापलीकडे त्याला कोणी काही विचारले नव्हते. "थांबा, हात धुऊन येतो," तो म्हणाला. मग त्याला पाण्याची आठवण झाली आणि त्याने ते नुसतेच कपड्यांना पुसले. दोघे तीन दिवस बसले. नुमेरियस पानभर सांगे. कायसो म्हणे, "यातलं न्यायालयात काय टिकेल?" मग दोघे मिळून खोडत. शेवटी जे उरले ते दोन बोटांवर मावेल एवढे होते.

नवव्या दिवशी पहाट फुटताच नुमेरियसने फळ्यावर चुना फासला. विश्वनगरी पांढऱ्याखाली गेली. त्याचा हात क्षणभर थांबला, पण गेली. त्या जागी त्याने एकाच ओळीत लिहिले: 'वाहते पाणी कोणी अडवू नये. अडवल्यास कोणाचीही फिर्याद ऐकली जाईल. फिर्यादी कुठल्या गावचा, हे विचारले जाणार नाही.'

तम्मा आली. फिर्याद तिने तीन वाक्यांत सांगितली. ओप्पियसही आला, सोबत्यांना घेऊन. त्याने फळा वाचला आणि त्याचा चेहरा कडू झाला. पण लगेच हसून तो पुढे सरकला.

"अहो अथेन्सकर, ही अक्कल आम्हाला पटतेय हो. फक्त एक सांगा. पाणी कोणाचंच नाही, असं तुमचे गुरुजी कशावरून म्हणाले? नीट सांगा. आज आम्ही सगळे बसून ऐकणार." आणि तो खरेच फरशीवर मांडी घालून बसला. सोबतीही बसले. वीस चेहरे वर करून त्याच्याकडे बघू लागले.

नुमेरियसला त्याचे उत्तर येत होते. नऊ वर्षांत तो त्याहून चांगले काही शिकला नव्हता. आज तो बोलला नाही, तर या गावात त्याला पुन्हा कोणी ते विचारणार नव्हते, हेही त्याला माहीत होते. शब्द अगदी जिभेवर आले. त्याने तम्माच्या घागरीकडे पाहिले.

"फळ्यावर लिहिलं आहे," तो म्हणाला. "बांध फोडावा. आज, दुपारच्या आत."

"बस? एवढंच?" ओप्पियस ओरडला. "नऊ वर्षांत एवढंच शिकलात?"

"एवढंच," नुमेरियस म्हणाला आणि आसनावरून खाली उतरला.

दुपारी ओढा पुन्हा वाहू लागला. पाच अंगणांतली चाके फिरली. सात अंगणे मोकळीच राहिली. गेलेल्यांना निरोप धाडायचा तर तो कोणत्या वाटेने, हे कोणाला सांगता येईना.

चौक रिकामा झाल्यावर कायसो त्याच्याजवळ आला आणि पायरीवर बसला. "सूर्य अजून बराच वर आहे," तो म्हणाला. "आता सांगा. गुरुजी कशावरून म्हणाले?" नुमेरियसने सांगितले. म्हाताऱ्याने मध्येच दोन शंका काढल्या. दोन्ही चांगल्या होत्या.

गावाने मात्र नुमेरियसला माफ केले नाही. ओप्पियसच्या नात्यागोत्यातल्यांनी त्याचा नमस्कार घेणे सोडले आणि बाकीच्यांनी त्यांचे बघून सोडले. त्याला पुन्हा कोणी निवडले नाही. पुढच्या वर्षी आसन मिळाले ते खुद्द ओप्पियसला.

पहिल्या दिवशी ओप्पियस चुन्याची बादली घेऊन फळ्यापुढे उभा राहिला. कायसो शेजारी होता. "ही ओळ पुसायची ना?" त्याने विचारले.

त्या वसंतात ओढ्याच्या उगमाकडच्या गावाने वर बांध घातला होता आणि ओप्पियसची बाग वाळू लागली होती. त्या गावात तो परका होता. तरीही तो फिर्याद घेऊन गेला होता, मान खाली घालून, आपली कोण ऐकणार असे म्हणत. पण तिथल्या न्यायाधीशाने अर्पेनाचा फळा पाहिला होता आणि ती ओळ जशीच्या तशी आपल्या फळ्यावर उतरवून घेतली होती. ओप्पियसला कोणी त्याचे गाव विचारले नव्हते. पाणी मिळाले होते.

त्याने कुंचला बादलीत बुडवला. फळा वरपासून खालपर्यंत पांढरा केला. ती एक ओळ तेवढी सोडली.

"राहू दे," तो म्हणाला.

नंतरचे न्यायाधीश बदलत गेले, पण आधीचेच उतरवायची अर्पेनाची सवय होती, म्हणून ती ओळ दरवर्षी राहिली. कायसो वारला. ओळ कोणाची, हे गाव विसरून गेले. लोक म्हणत, ती पूर्वापार आहे.

दरवर्षी फळा वाचून दाखवायच्या दिवशी एक म्हातारा माणूस जुनी परदेशी शाल पांघरून गर्दीच्या मागे उभा राही. ती ओळ आली की तो डोळे मिटून घेई. वाचन संपले की तो चौकात थांबत नसे. वेशीबाहेर जाई आणि सात मोकळ्या अंगणांपुढून हळूहळू चालत जाई. प्रत्येक दाराशी क्षणभर थांबे, कोणी आत आहे का ते बघावे तसा. मग तम्माच्या दाराशी जाई. ती काही न विचारता वाडगा भरून त्याच्या हातात देई.

तात्पर्य: सत्य वाहत्या पाण्यासारखे आहे, ते कोणत्याही एका गावाचे नसते, पण तहान भागवायची तर ते त्या गावच्या मातीच्या भांड्यात भरावे लागते, आणि दिवस मावळायच्या आत तहानलेल्याच्या दारी पोचवावे लागते.