पडद्याआडचा नावाडी

मुलांनो, आणि मुलांच्या आडून कान देणाऱ्या मोठ्यांनो, ही फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या नदीवर पूल बांधावा असं तेव्हा कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

नदीकाठी एक गाव होतं आणि गावात एक छोटी मशीद. रमजानचे शेवटचे दहा दिवस तिथे एक जण एतेकाफला बसायचा. म्हणजे मशिदीच्या कोपऱ्यात चादरीचा पडदा बांधायचा, घरदार, कामधंदा सोडून त्या पडद्याआड राहायचं आणि अल्लाहची इबादत, म्हणजे उपासना, करायची. देहधर्माची अगदी नड असल्याशिवाय मशिदीबाहेर पाऊल टाकायचं नाही. टाकलं, की एतेकाफ तुटला. गावातून एकाने तरी बसलंच पाहिजे, नाहीतर सगळ्या गावाला बोल लागतो. त्यामुळे बसणाऱ्याचा मान मोठा.

दरवर्षी हा मान मकबूल अत्ताराकडे जायचा. त्या साली मात्र इमामसाहेबांनी दावल नावाड्याचं नाव घेतलं आणि अत्ताराच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"नावाड्याचं बूड नावेशिवाय कुठे टिकलंय?" तो चारचौघांत म्हणाला. "दोन दिवसांत पळून येतो की नाही बघा."

हे बोलणं दावलच्या कानावर गेलं. गडी हट्टी होता. त्याने मनाशी ठरवलं, आभाळ कोसळलं तरी ईदचा चांद दिसेपर्यंत उठायचं नाही. तो पडद्याआड बसला. नमाज पढायचा, तसबीहची माळ ओढायचा. खरं सांगायचं तर, मधूनमधून तो अल्लाहपेक्षा अत्ताराचाच विचार जास्त करायचा. माणूसच तो, व्हायचंच असं.

दिवस पावसाळ्याचे होते. वरच्या अंगाला पाऊस झाला आणि नदीला पूर आला. त्याच दिवशी, दुपार कलल्यावर, धोंडिबा कुंभार मशिदीच्या पायरीशी येऊन उभा राहिला. नखशिखांत भिजलेला.

"दावलभाई, पडद्याआडनं बोललेलं चालतं का तुमच्यात?"

"बोल की, धोंडिबा."

"सगुणा अडलीया, माझी सून. मूल आडवं आलंय. सुईण ऱ्हाती नदीपल्याड. तुझ्या जागी नाव हाकणारा तुझा चुलतभाऊ तापानं फणफणलाय, आन् ह्या पुरात नाव घालायला दुसऱ्या कुणाची छाती होईना." धोंडिबाने तोंडावरचं पाणी निपटलं. "देवाच्या दारातनं माणसाला उठवू नये, हे कळतं मला. पर मी जाऊ तरी कुठं?"

दावलचा हात पडद्याकडे गेला. पण ठरवलेलं आडवं आलं.

"मला उठता येत नाही रे," तो म्हणाला. "पण थांब, मी दुवा मागतो. रोजेदाराची दुवा वाया जात नाही."

बिचारा धोंडिबा! तोही हात जोडून पायरीवर बसला. आत दावलने दोन्ही हात पसरले.

"या अल्लाह, त्या पोरीवर रहम कर. सुईणीला अलीकडे आण. हा पूर पार करील असा कुणीतरी नावाडी पाठव..."

आणि त्याची जीभ अडखळली.

नावाडी पाठव? गावात धडधाकट नावाडी एकच होता, आणि तो पडद्याआड बसून दुसरा नावाडी मागत होता! दावलला स्वतःची अशी लाज वाटली, की त्याची मान वर होईना. अल्लाहने तर मागण्याआधीच सगळी सोय केली होती. माणूस दिला होता, त्याच्या दंडात बळ दिलं होतं, हातात वल्हं दिलं होतं. आता तो माणूसच जागचा हलत नव्हता.

दावलने पडदा बाजूला सारला. दारात मकबूल अत्तार उभा होता.

"पाऊल बाहेर टाकलंस की एतेकाफ तुटला हं!" तो म्हणाला.

"तुटू दे, मकबूलभाई. एतेकाफ तुटला तर पुढे भरून काढता येतो. सगुणा गेली, तर ती कशी भरून काढू?"

एवढं बोलून तो नदीकडे धावत सुटला.

पाणी लाल, गढूळ होतं आणि उन्मळलेली झाडं वाहून येत होती. रोज्याने दावलचे हात गळाले होते, तरी त्याने नाव पल्याड नेली आणि सुईणीला घेतलं. परत येताना मधल्या ओढीत नाव पोहोचली, तेव्हा सूर्य बुडाला आणि काठावरून अजान ऐकू आली. रोजा सोडायची वेळ झाली होती, पण वल्हं सोडायची सोय नव्हती. सुईणीने ओंजळीत नदीचंच पाणी घेतलं आणि त्याच्या ओठांशी धरलं.

"पी लेका," ती म्हणाली. "तुझ्या देवाला चालतंय हे."

दावल ते गढूळ पाणी प्याला. त्याहून गोड घोट आपण कधी प्यालो नाही, असं तो मरेपर्यंत सांगायचा.

सगुणा वाचली. कुंभाराच्या अंगणात तान्ह्या पोराचं रडणं ऐकूनच दावल मशिदीत परतला आणि पडद्याच्या गाठी सोडू लागला.

"हे काय करतोस?" इमामसाहेबांनी विचारलं.

"एतेकाफ तुटला, साहेब. आता हा पडदा कशाला?"

"तुटला खरा. रमजान सरल्यावर भरून काढ. पण तू इबादत सोडून गेला होतास, असं मात्र समजू नकोस. तू फक्त तिची जागा बदललीस."

 मकबूल अत्ताराने दावलच्या खांद्यावरची भिजलेली चादर उचलली, पिळली आणि स्वतःच्या हाताने वाळत टाकली.

पुढे त्या गावात एक रीत पडली. एतेकाफला बसणाऱ्याला इमामसाहेब सगळ्यांदेखत विचारायचे, "तुझ्यावाचून कुणाचा जीव अडला, तर उठशील ना?" जो विचार न करता हो म्हणायचा, त्याच्यासाठीच पडदा बांधला जायचा.

तात्पर्य: अडलेल्याच्या हाकेला धावणं हीसुद्धा इबादतच आहे, म्हणून जी मदत आपल्या हातात आहे, ती केल्यावाचून नुसती दुवा मागू नये.