गिरजीचा हिरवा दगड

गिरजीचा कुणावर चटकन विश्वास बसत नसे. पाथरवटाची पोर ती! दगडावर हातोडीने टकटक करायचं नि कान द्यायचा. खणखणला तर घ्यायचा, बद्द वाजला तर आतून पोकळ, टाकून द्यायचा. ती मडकी वाजवून बघे, भोपळे वाजवून बघे. एकदा तर पाहुणा म्हणून आलेल्या मामाचं टक्कलही तिने वाजवून पाहिलं होतं.

पण घरात हसू उरलं नव्हतं. घणाच्या आवाजाने आईचे कान गेले होते. घडवताना दगडात चीर पडली की टाकीचा आवाज बदलतो, तो तिला ऐकूच येईना. तिने घडवलेली जाती दळता दळता दुभंगू लागली, गिऱ्हाइकं फिरकेनाशी झाली. चूल पेटायची ती जेमतेम.

एका सकाळी झोपडीमागच्या करवंदीच्या रानात गिरजीने एक काळा दगड वाजवला. बद्द! ती तो ढकलणार, तोच त्याच्या भोकातून इवलीशी परी बाहेर आली. तिचे चिमुकले पंख सोलल्या हरभऱ्यासारखे हिरवेगार होते, लुकलुकत होते. तिने गिरजीची एक इच्छा पुरी करायची तयारी दाखवली.

गिरजीने डोळे बारीक केले. "फुकट? का बरं?"

"फुकट नाही गं, नियम आहेत," परी म्हणाली.

मग तिने सांगितलं, हा दगड एके काळी धगधगता रस होता. त्यातल्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. जमिनीतलं कढत पाणी फटींतून झिरपतं, दगडातलाच चुना नि लोखंड विरघळवून घेतं आणि पोकळीत हिरवे खडे मांडतं. मोठी माणसं त्या खड्यांना एपिडोट म्हणतात. जमिनीखाली याला युगं लागतात, परीच्या दगडाला थोडेच दिवस. रोज गरम पाणी घालायचं, एकही दिवस चुकवायचा नाही, आणि दगड फोडून आत बघायचं नाही. पोकळी भरली की इच्छा पुरी.

गिरजीने आईचे कान मागितले. मनात मात्र म्हणाली, पाणी वाहायला बरी मोलकरीण मिळाली हिला!

ती रोज लोटाभर पाणी तापवून नेई. रोज वाटे, फोडून बघावं, ही फसवत तर नसेल? पण ती नुसतं टकटक करी. आवाज बद्दच येई.

एके दिवशी दगडाच्या वरच्या अंगाला, चढावरच्या कातळावर एक म्हातारी कण्हत बसलेली दिसली. तळव्यात काटा मोडून पाय सुजला होता. तिने गरम पाणी मागितलं.

"तू परीच ना? परीक्षा घेतेस माझी?" गिरजीने विचारलं.

"कसली परी, बाई? पाय ठणकतोय माझा."

घरचं सरपण संपलं होतं, दुसरं पाणी तापणार नव्हतं. पाणी दिलं तर नियम मोडणार. गिरजीला रडू कोसळलं. रडत रडतच तिने सगळं पाणी त्या पायावर धार धरून ओतलं आणि काटा काढला. म्हातारी आशीर्वाद देत लंगडत गेली. ती खरंच साधी म्हातारी होती.

पायावरून ओघळलेलं पाणी मात्र फटीफटींतून खाली झिरपलं, थेट त्या दगडात. गिरजीने ते पाहिलंच नाही. सगळं संपलं म्हणून तिने शेवटचं एकदा हातोडी टेकवली.

खण्ण!

दगडाच्या भोकाभोकांत हिरवे खडे चमचमले. परी हिरव्या उजेडात हसली आणि विरून गेली. गिरजीने ती जागाही वाजवून पाहिली, उगीच शंका नको.

तेवढ्यात झोपडीच्या दारातून आईची हाक आली, "गिरजे, कुठला गं हा दगड? चांगला भरीव आहे. पुन्हा वाजव बघू."