सतरावा विषय

फार वर्षांपूर्वी एका राज्यात, डोंगराच्या कुशीत, एक नावाजलेले विद्यापीठ होते; लहान मुलांची पाठशाळाही त्यातच होती. त्याचा कारभार सात सभासदांची सभा पाहत असे. सभासद लांबलांबच्या गावी राहत आणि वर्षातून दोनदाच येत. ते वयाने मोठे, मानाने मोठे आणि, खोटे कशाला बोला, पोटानेही मोठे होते. विद्यापीठात काय चालले आहे हे त्यांना एकाच माणसाकडून कळे. तो म्हणजे सभेचा चिटणीस.

सभेपुढे कोणते विषय यायचे आणि कोणत्या क्रमाने, याची यादी चिटणीस करी. पंधरा वर्षांत त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक झाली होती. जेवणाआधीच्या विषयांवर सभासद तावातावाने बोलत. जेवणानंतरच्या विषयांवर ते डुलक्या घेत.

एकदा सभेच्या आदल्या दिवशी म्हातारा सुतार चिटणिसाकडे आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"पाठशाळेच्या मधल्या तुळईला वाळवी लागलीय, चिटणीसबुवा. पटाशी मुठीपर्यंत आत जाते. पोरांना तिथं बसवू नका."

चिटणिसाने तो विषय यादीत सर्वांत वर लिहिला.

संध्याकाळी कुलगुरूंनी यादी मागवली. कुलगुरू कधी आवाज चढवत नसत. म्हणूनच त्यांची सर्वांना जास्त भीती वाटे.

"राजेसाहेब येणार आहेत. आधी नव्या महाद्वाराला मंजुरी हवी," ते हळूच म्हणाले. "तुळईचा विषय खोडू नका. फक्त शेवटी घ्या. तुम्हाला इथे अजून बरीच वर्षं काढायची आहेत ना?"

चिटणिसाने मान डोलावली. त्याने यादी नव्याने लिहिली. तुळई सतराव्या जागी गेली.

दुसऱ्या दिवशी महाद्वार मंजूर झाले, जेवण झाले, आणि सतरावा विषय आला तेव्हा सगळे पेंगत होते. "पुढच्या सभेत पाहू," अध्यक्ष म्हणाले. चिटणिसाने तसे टिपून घेतले आणि मान खाली घातली.

त्यानंतर त्याची झोप उडाली. रोज सकाळी पाठशाळेतून मुलांचा पाठ ऐकू येई. तो कान देऊन बसे. आवाज चालू आहे तोवर छप्पर जागेवर आहे, असे स्वतःला सांगे. सुतार दिसला की तो वाट बदली. दहादा तो कुलगुरूंच्या दारापर्यंत गेला आणि दहाही वेळा तिथूनच परतला.

चाळिसाव्या दिवशी पाठ एका ओळीच्या मध्येच थांबला. छप्पर कोसळले होते. तीन मुले गेली.

सभा तातडीने भरली. अध्यक्षांनी चिटणिसाला पुढे बोलावले.

"आम्हाला कळवलं का नाही?"

चिटणिसाने जुनी यादी पुढे केली. "कळवलं होतं, महाराज. सतरावा विषय."

अध्यक्षांनी यादी वाचली. "पंधरा वर्षं आमच्यासोबत आहात. तेवढ्या उशिरा आम्ही जागे नसतो, हे ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं," चिटणीस म्हणाला. "म्हणूनच तिथे ठेवला. मी कुलगुरूंना घाबरलो."

त्या दिवशी कुलगुरूंचे पद गेले, चिटणिसाचे गेले, आणि सातही सभासदांनी मान खाली घालून आपापली आसने सोडली. त्या तीन मुलांच्या आयांना त्यातून काय मिळाले? काहीच नाही.

तात्पर्य : मोठ्यांपुढे आधी काय ठेवायचे हे ज्याच्या हाती असते, त्याची भीती इतरांच्या जिवावर बेतते.