आंबीचा वाफा

खारोंड्याच्या मिठागरात आता मीठ पिकते ते पाहुण्यांना दाखवण्यापुरते. तिकीट काढून आत गेले की फळ्यांची वाट आहे, रोहित पक्षी पाहायचा मनोरा आहे, आणि बांधाच्या टोकाला एक वाफा असा आहे की त्यातले मीठ कुणी ओढत नाही. शेजारच्या फलकावर ‘इच्छापूर्तीचा वाफा’ असे लिहिले आहे. म्हातारा पोशाआजा पाहुण्यांना तिथवर नेतो आणि आधीच बजावतो, त्या फलकावर जाऊ नका.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. मिठागर तेव्हा एका इनामदाराचे होते आणि बांधाची राखण चांगा नावाच्या आगऱ्याकडे होती. आंबी त्याची बायको. एका चैत्री पुनवेला भर दुपारी असे उधाण आले की मिठाच्या राशींकडचा बांध खचू लागला. इनामदाराच्या कारभाऱ्याने फर्मावले, पाड्याकडची उघाडी, म्हणजे बांधातले दार, उघड. पाणी तिकडे जाऊ दे. चांगा म्हणाला, तिकडे माणसे आहेत. तेव्हा कारभाऱ्याने समोर उभे राहून आपल्या शिपायांकडून दार उघडवले. राशी वाचल्या. पाड्यातली तीन लेकरे गेली.

पुढे चौकशीला सरकारी अंमलदार आला. कारभाऱ्याने एकेका घरच्या कर्त्याच्या मुठीत मीठ दिले आणि वदवून घेतले की दार चांगाने उघडले. जो बोलणार नाही त्याला उद्यापासून मिठागर बंद. पोटाला चिमटा बसला की भली भली माणसे वाकतात. बावीस घरे होती, बावीसही वाकली. ज्यांची लेकरे बुडाली तेसुद्धा बोलले. आंबी नवऱ्याशेजारी उभी राहून ऐकत होती. शेवटी तिचा सख्खा भाऊ धाया पुढे आला, तेव्हा तिच्या जिवात जीव आला. पण त्यानेही मूठ मिटली आणि शपथ घेतली.

“बाय, माजीं चार पोरां हान गो,” चार पोरांचा बाप तो, एवढेच तिला म्हणाला.

चांगाला नेले. तो परत आला नाही. कुठे मेला तेही कळले नाही. शपथेचे मीठ कुणाला खाववेना की फेकवेना. बावीसही जण ते घेऊन आंबीच्या दारी माफी मागायला आले. ती त्यांना या वाफ्यापाशी घेऊन आली आणि म्हणाली, “टाका तुमचा मीठ या पिकल्या पान्यान. इरघलला, का समजा मी माफ केला.”

मीठ पिकवणारीच माणसे ती. पिकल्या, म्हणजे मिठाने पुरत्या भरलेल्या पाण्यात आणखी मीठ विरघळत नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होते. आंबी त्याच दिवशी गाव सोडून गेली.

इथे एखादा पाहुणा हुशारी करतो, “पावसात विरघळत असेलच की!” आजा चिडतो. “पावसान त शेनपन व्हावून जाते. त्याला माफी बोलतान?”

आजही चैत्री पुनवेला बावीस घरांतून एकेक जण मूठभर मीठ आणतो, वाफ्यात टाकतो आणि दिवस मावळेपर्यंत उकिडवा बसून पाहतो. पाहुणेही हौसेने पुडीतले मीठ टाकतात, मनातली इच्छा मागतात, फोटो काढून जातात. एका वर्षी काही तरुणांनी वाफ्यात ओतायला नळाचे गोडे पाणी कळशीभर आणले होते, कुणाला कळणार म्हणून. बायकांनी त्यांना हाकलून लावले. सगळ्यांत शेवटी उठतो तो पोशाआजा. तो धायाच्या वंशातला. उठण्याआधी तो पाण्यात हात घालून तळ चाचपतो. दाणे हाताला लागतात, टाकले तसेच.