टेकूचं काम

फार फार पूर्वी, माणसाचा पत्ताही नव्हता तेव्हा, एका पेशीत तंतुकणिका नावाचं वीजघर होतं. तिथल्या रायबोझोम नावाच्या मागावर नवी प्रथिनं विणली जात आणि त्यांच्याच जिवावर वीज तयार होई. मागाच्या मधोमध होती साखळीबाई, म्हणजे तिथेच जन्मलेला आरएनए. तिला चहूबाजूंनी धरून उभी होती बाहेरगावची प्रथिनं. त्यातलाच एक टेकू.

"प्रथिनांचं जोडकाम मी करते," साखळीबाई एकदा त्याच्यावर कडाडली. "तू नुसता टेकून उभा असतोस. फुकटखाऊ कुठला!"

टेकूला ते फार लागलं. निघून जावं म्हटलं, तर तेही जमणारं नव्हतं. आत येताना सुतासारखं सरळ होऊन वेशीतून शिरायचं आणि गळ्यातली खूण राखणदाराला कापून द्यायची, अशी तिथली रीत. खूण दिलेल्याला परत वाट नसते. तो आपली जागा सोडून कोपऱ्यात जाऊन बसला.

इकडे टेकू सुटल्याने साखळीबाईला बाक आला. विणकाम अडलं, वीज मंदावली.

"दुसरा कुणीतरी पाठव रे!" ती राखणदारावर ओरडली.

"कुठून पाठवू? वेस विजेवर उघडते, बाई. वीज कुठाय?"

एवढ्यात कात्रीवाला आला. बिनकामाचं प्रथिन दिसलं की त्याचे तुकडे करायचे, हा त्याचा धंदा. टेकूला पाहून त्याने कात्री उघडली.

"थांब!" साखळीबाई वाकल्या अंगाने ओरडली. "तो बिनकामाचा नाही."

"मग काय करतो?"

साखळीबाईने मान खाली घातली.

"टेकून उभा असतो."