एकही तक्रार नाही

“तिला ग्रुपमध्ये ठेवायचं की काढायचं, एवढंच सांगा, बुवा.”

गिरीबुवा धुनीतली राख फडक्यातून गाळत बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, “कुणाला?”

“निर्मला टेकाळेला. वैदेहीच्या आईला.”

हेडमास्तर अंबादास खरबस टेकडी चढून मठात आले होते. लहानपणी याच ओसरीवर बुवांनी त्यांच्याकडून बाराखडी गिरवून घेतली होती. पुढे ते इतके शिकले की ओसरीवर यायचं कारणच उरलं नाही.

आज कारण होतं. उद्या पालकसभा होती, आणि सभेला टेकाळेबाई येणार अशी गावात बोलवा होती.

“काढलं तर लोक म्हणतील, पोरगी गेली आणि आईलाही हाकललं. ठेवलं तर...”

“ठेवलं तर?”

“काल शाळेच्या व्हॉट्सॲपवर सूचना टाकली. सातवीच्या मुलींनी पांढरे बूट घालून यावे. ती तिलाही गेली. तिने ती वाचली, बुवा. कोणी वाचलं ते दिसतं त्यात.”

बुवांचा हात थांबला.

“पोर कशी गेली?”

“सगळ्या गावाला ठाऊक आहे.”

“मी तुझ्या ग्रुपात नाही.”

खरबसांनी सांगितलं. चौकशीला आलेल्या साहेबांपुढे सांगून सांगून हकिकत आता गुळगुळीत झाली होती. कुठे खडा लागत नव्हता. क्रीडादिनाचा सराव. मैदानाला धावत फेऱ्या. वैदेही मागे पडली. खेळाच्या सरांनी शिट्टी वाजवली, ती पुन्हा धावली. मग पडली. दवाखाना येईपर्यंत संपलं होतं. काळजाला जन्मापासून भोक. डॉक्टरांनी धावायला सक्त मनाई केली होती.

“शाळेला कोणी सांगितलं नव्हतं?”

“तेच तर माझं म्हणणं आहे! आईने सांगायला नको? आम्ही काय अंतर्ज्ञानी आहोत? ग्रुप कशासाठी काढलाय मग?”

“हं. तिथे लिहायला हवं होतं तिने.”

खरबसांनी घसा साफ केला.

“तिथे... पालकांना लिहिता येत नाही.”

“का?”

“पूर्वी येत होतं. पहाटेपासून गुलाबाची फुलं, सुविचार, कुणाच्या आत्याचा वाढदिवस. ते एक परवडलं. पण वर तक्रारी! पाणी गढूळ, बाक मोडका, अमुक बाई अंगावर ओरडतात. मी ते बंदच करून टाकलं. आता फक्त शाळा लिहिते. काय शिस्त आली म्हणून सांगू! तालुक्याच्या बैठकीत माझा सत्कार झाला. वर्षभरात पालकांची एकही तक्रार नाही, असं मी छातीठोक सांगितलं. आणि खोटं नव्हतं ते.”

“शाळेत आली असेल की ती.”

“आली होती म्हणे फाटकापर्यंत. शिपायाने सांगितलं, पालकांनी महिन्याच्या शेवटच्या शनिवारी भेटायचं. नियमच आहे तसा.”

“मग शनिवारी?”

“आली असणार. मागे बसली असेल. पण त्या दिवशी पाहुण्यांचं भाषण लांबलं, आणि पालकांच्या प्रश्नांचा वेळ आभारप्रदर्शनात गेला.”

“पाहुणे कशावर बोलले?”

खरबस घुटमळले.

“शिक्षक-पालक सुसंवाद.”

बुवा हसले नाहीत.

“आणि पोर गेल्यावर?”

“त्यात कसूर केली नाही. तासाभरात ग्रुपवर भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली. फोटोसकट.”

“कोणी काही बोललं त्यावर?”

“कोण बोलणार?” खरबस म्हणाले. “बंद आहे ना तो...”

बुवा पुन्हा राख गाळू लागले. खरबसांना ते सहन होईना. भाषणाची सवय असलेल्या माणसाला शांतता म्हणजे कुणीतरी टाळ्या वाजवायच्या राहिल्यासारखी वाटते.

“उद्यासाठी दोन शब्द जुळवलेत,” ते म्हणाले. “ऐकून घ्या. कुठे कमी-जास्त असेल तर सांगा.” ते उठून उभे राहिले, दोन्ही हात मागे बांधले. “सन्माननीय पालक बंधू-भगिनींनो, आजच्या या दुःखद...”

बुवा उठले. राखेने माखलेला हात त्यांनी हेडमास्तरांच्या तोंडावर दाबून धरला.

“बोल,” ते म्हणाले. “तुझी काय तक्रार आहे?”

खरबसांचे डोळे विस्फारले. राख नाकात गेली. त्यांनी मनगट धरून हात सोडवायचा प्रयत्न केला. हात म्हाताऱ्याचा होता, पण आयुष्यभर धुनीची लाकडं फोडलेला होता. तो हलला नाही.

“बोल ना. मी ऐकतोय.”

घशातून नुसतीच घरघर.

“काही अडचण? काही विचारायचंय? ... नाही? उत्तम. एकही तक्रार नाही.”

मग हात निघाला.

खरबस खांबाला धरून वाकले, खोकले, डोळ्यांतून पाणी आलं. धोतराच्या घडीसारखा जपलेला त्यांचा रुबाब पार चुरगळला.

“बुवा! जीव गेला असता की माझा!”

...

हे वाक्य आपणच बोललो, हे त्यांना जरा उशिरा कळलं.

बुवा परत जाऊन बसले होते. फडक्यावर नवी राख घेतली होती.

खरबस हळूहळू खाली बसले. हातरुमाल काढला, पण तोंड पुसलं नाही.

“ग्रुप खुला करतो,” ते म्हणाले. “आजच.”

“कर.”

“आणि उद्या सभेत तिच्याशी...”

“सभेत नाही. तिच्या घरी जा. आज.”

“तिथे काय बोलू?”

“काही नाही. ती फाटकाबाहेर उभी राहिली, तसा उंबऱ्याबाहेर उभा राहा.”

खरबस खाली बघत राहिले. आवाज अगदी लहान झाला. बाराखडी चुकल्यावर याच ओसरीवर व्हायचा, तसा.

“आणि तिने दार उघडलंच नाही तर?”

बुवांनी फडकं झटकलं.

“तर समज, पालकसभा सुरू झाली.”