डोळा फुटेल तेव्हा डोळा लागेल

एकदा काय झालं, एका राजाच्या घरातून झोपच निघून गेली. कुणाची? सांगते. आधी दिगू, तू पाय आवर. शमीला लागतोय.

राजाचं नाव चिंतामण. नाव चिंतामण आणि चिंता मणभर, असा तो माणूस. ऊन पडलं की म्हणायचा, पाऊस येईल का. पाऊस आला की म्हणायचा, थांबेल का. त्याला एकुलती एक मुलगी, पोवळी. शमे, तुझ्याच एवढी. एकदा पोवळीला ताप आला. तीन दिवसांत उतरलाही. पण ताप गेला तो तिची झोप घेऊनच गेला. पोर गादीवर पडायची, छताकडे बघायची, या कुशीवरून त्या कुशीवर व्हायची, पण डोळ्याला डोळा काही लागेना.

मग सगळ्या राजवाड्याचीच चैन गेली. राजा येरझाऱ्या घाली. राणी जप करी आणि मणी चुकवी. कोंबडासुद्धा गोंधळून भर दुपारी आरवायला लागला. वैद्यांनी जायफळ उगाळून दिलं, तळपायांना तूप लावून काशाच्या वाटीने घासलं. काही उपयोग नाही. पोवळी वाळून काडी झाली. वैद्य राजाला बाजूला घेऊन म्हणाले, "महाराज, आणखी दोन महिने हे असंच चाललं, तर पोर हातची जाईल."

राजा रडला, बरं का. राजेही रडतात.

शेवटी त्याने कोंडाबाईला बोलावलं. कोंडाबाई म्हणजे मागच्या परसबागेतली म्हातारी माळीण. राजाला लहानपणी कडेवर घेऊन हिंडलेली, म्हणून त्याला अरेतुरे करायची. ती आली ती टोपली घेऊन. टोपलीत कोरडी वाळू, आणि वाळूत तीन कंद. रताळी कशी असतात, तसे दिसायला. डेलियाचे कंद. मी कोनाड्यात ठेवते ना, तेच.

कोंडाबाई म्हणाली, "राजा, यातला एक निवडून लाव. डोळा फुटेल तेव्हा डोळा लागेल."

राजाने अर्धंच ऐकलं. काळजी करणारी माणसं अर्धंच ऐकतात. तो घाबरून म्हणाला, "कोंडामावशी, माझ्या लेकीचा डोळा फुटेल?"

"अरे, हिचा कशाला फुटेल? कंदाचा. उसाला असतो, बटाट्याला असतो, तसा कंदालाही डोळा असतो. तो फुटला की कोंब येतो. कोंब आला की हिला झोप येईल."

मग राजाने टोपलीत हात घातला आणि सगळ्यांत दांडगा कंद उचलला. गुळगुळीत, पोट सुटलेला. त्याला वाटलं, कंद मोठा तर झोपही मोठी. कोंडाबाईची खोडच होती ती, विचारल्याशिवाय सांगायची नाही. राजाने कंद लावला. पंधरा दिवस झाले तरी कोंब नाही. उकरून बघितलं तर कंद जसाच्या तसा. कोंडाबाईने त्याची मान, म्हणजे वरचं निमुळतं टोक, राजापुढे धरली. "डोळा कुठंय याला? डोळा मानेपाशी असतो, मसुरीच्या दाण्याएवढा. तू पोट बघितलंस, मान बघितलीच नाहीस."

मग राणीने निवडला. तिने मान नीट बघितली. डोळा होता, गुलाबी, टपोरा. पण लावल्यावर तिला वाटायला लागलं, बिचारा तहानला असेल. मग सकाळी एक घागर, दुपारी एक घागर, संध्याकाळी एक घागर. आठ दिवसांत वाफ्याला वास सुटला. राणीने माती बाजूला केली तर कंद बोटांना लिबलिबीत लागला. कोंडाबाई म्हणाली, "राणीबाई, कोंब वर येईस्तोवर त्याला तोंडच नसतं. तुम्ही पाणी पाजत होतात कुणाला?"

उरला एकच. करंगळीएवढा, सुरकुतलेला. पण मानेपाशी डोळा होता. राजा म्हणाला, मी लावतो. राणी म्हणाली, मी लावते. पोवळी म्हणाली, "मला द्या." कोंडाबाईने सांगितलं तसं तिने सगळं केलं. वीतभर खड्डा खणला. तळाशी शेणखत कालवलं. झाडाला आधाराची काठी आधी रोवली. नंतर रोवायला गेलं की ती कंदाच्या पोटात घुसते, बरं का. मग कंद आडवा निजवला, डोळा वर करून. वर माती घातली.

"आता काय करू?" पोवळीने विचारलं.

"आता काही नाही करायचं. तेच सगळ्यांत अवघड."

ते राजाला कुठलं जमायला? सकाळी तो गुपचूप जायचा, माती बाजूला करून कंद बघायचा आणि परत झाकायचा. दुपारी राणी जायची. दिवेलागणीला प्रधान जायचा. तिघांनाही वाटे, आपण एकटेच बघतोय, एवढ्याने काय होतं?

एके दिवशी सकाळी पोवळी परसात आली, तर राजा वाफ्यात ओणवा. हात मनगटापर्यंत मातीत.

"बाबा, काय करताय?"

"काही नाही गं. झोपलाय का उठलाय, तेवढं बघतोय."

पोवळी त्याच्याजवळ खाली बसली. फार थकली होती ती. हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही माझंही असंच पांघरूण ओढता."

राजाचा हात मातीत तसाच राहिला.

खरंच होतं ते. ताप आल्यापासून राजा रोज रात्री घटकेघटकेला यायचा, पांघरूण बाजूला करायचा आणि विचारायचा, "पोवळे, झोपलीस का?" तो गेला की राणी यायची, "लागला का गं डोळा?" ती गेली की प्रधान दाराबाहेर खाकरायचा, "राजकन्या निजल्या का?" पोर डोळे मिटणार, तेवढ्यात कुणीतरी हजर. मायेनेच करत होते हो सगळे. पण मायेलाही हात आवरता आला पाहिजे.

राजाने कंद चाचपला. नशीब, डोळा शाबूत होता. त्याने हलक्या हाताने माती सारखी केली आणि हुकूम सोडला. परसात पोवळी नि कोंडाबाई सोडून कुणी जायचं नाही. पोवळीच्या खोलीत कुणी जायचं नाही. आणि सगळ्यांत आधी मी जायचं नाही.

मग त्या राजाचे काय हाल झाले म्हणता! बसवेना, उठवेना. हात वळवळायला लागले की तो स्वतःच्या हातांवर बसायचा. येरझाऱ्या घालून घालून चपलांचे तीन जोड झिजले. पहिल्या रात्री पोवळीला दाराबाहेर पावलं ऐकू आली. यायची, थांबायची, परत जायची. दुसऱ्या रात्री एकदाच आली. तिसऱ्या रात्री आलीच नाहीत, तर तिलाच चुकल्याचुकल्यासारखं झालं आणि ती जागीच राहिली. सवय काय एका दिवसात सुटते?

हुकूम सोडल्यापासून बाराव्या दिवशी दुपारी पोवळी वाफ्यापाशी जाऊन बसली. परसात चिटपाखरू नव्हतं. कुणी काही विचारेना, कुणी बघेना. बसल्या बसल्या ती कलंडली, काठीपाशी मातीवरच डोकं टेकलं, आणि तिचा डोळा लागला.

आणि तिच्या नाकासमोर मातीला बारीकशी भेग पडली. डोळा फुटला. पोवळीने श्वास सोडला, कोंब बोटभर वर आला. पुन्हा सोडला, आणखी बोटभर. ऊन कलायच्या आत झाड काठीच्या टोकाला पोचलं, आणि वर एक फूल, पोवळ्याच्या रंगाचं, ताटाएवढं. त्याची सावली बरोबर तिच्या तोंडावर पडली.

राजा खिडकीतून बघत होता. तो हाक मारणार, इतक्यात राणीने त्याच्या तोंडावर हात ठेवला. मग दोघं तिथेच उभे राहून रडले, अजिबात आवाज न करता.

कोंडाबाईने पोरीवर घोंगडी घातली आणि म्हणाली, "हलवू नका." पोवळी तीन दिवस झोपली. राजा एकदाही बघायला गेला नाही. बरं, खरं सांगते, एकदा गेला. पण परसाच्या दारातूनच परत आला.

चौथ्या दिवशी पोवळी उठली आणि म्हणाली, "भूक लागली." दही घालून दोन भाकरी खाल्ल्या. कोंबडाही वेळेवर आरवायला लागला. पुढे सगळी सुखात राहिली, आणि राजासुद्धा, जमेल तितका.

आता तुमचं. आज दुपारी माझ्या डेलियाच्या वाफ्यात कुणीतरी बोटं खुपसली होती. मांजर नव्हतं ते. मांजर काही नखांत माती घेऊन माझ्या शेजारी जेवायला बसलं नव्हतं. असू दे. मी नाव घेत नाही, दिगू. डोळा शाबूत आहे, मी पाहिलं, आणि परत निजवलाय त्याला.

पोवळी निजली, डेलिया उठला, आणि माझी गोष्ट मातीआड गेली. आता हलायचं नाही. मी दिवा मालवते आणि बाहेर जाऊन बसते. झोपलात का, असं विचारायला मी काही यायची नाही. आले, तर दारातूनच परत जाईन.